येताना घेऊ

पोरांना घेऊन बाजारात निघालेल्या आईच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : 'येताना घेऊ.' मी ते शेकडो वेळा म्हटलंय, आणि खरं सांगायचं तर परतताना बहुतेक वेळा मुद्दाम दुसऱ्या गल्लीतून वळलेय.

तीन वर्षांपूर्वी ते अंगाशी आलं. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकात, माझ्या सहा वर्षांच्या पोरानं भर रस्त्यात बसकण मारली. समोरच्या गाड्यावरची किल्लीची मोटार त्याला हवी होती. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तो ओरडला, "तू कधीच येत नाही येताना!" बायका वळून बघायला लागल्या. वाक्य वाकडं होतं, पण हिशेब बिनचूक होता. मी एका कापड दुकानाच्या वह्या लिहिते. कोणाची पत किती, हे मला खात्यावरून कळतं. त्या दिवशी माझी कळली.

आम्ही गेलो होतो लाकडी नंदी घ्यायला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्याकडे तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं मिरवायला नेतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, गोळा करतात. ही प्रथा भोसल्यांच्या काळापासूनची, असं नागपूरकर सांगतात. त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत निघते. त्यामुळे आधीच्या आठवड्यात महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते.

यंदा पुन्हा गेलो, या वेळी धाकटीही होती. ती साडेपाच वर्षांची, मोठा आता नऊचा. शंकरनगरहून मेट्रोत बसलो आणि चितार ओळी चौकात उतरलो. चितार ओळीपर्यंतची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी एका स्कूटरवर तिघं आणि दोन पिशव्या अशी आमची वरात असायची, आणि बाजार लागायच्या आतच माझं डोकं तापलेलं असायचं. पोरांच्या धीराबद्दल बोलताना हेही मोजायला हवं.

चितार ओळीत गणपतीची मूर्ती सांगून ठेवली. रंग चढलेला, डोळे कोरे. "डोळे केव्हा?" धाकटीनं विचारलं. "सगळ्यात शेवटी," मूर्तिकार म्हणाले. तिनं मान डोलावली, जणू हे तिला पटण्यासारखंच होतं.

नंदीवाल्याकडे मात्र थांबावं लागलं. मोठ्यानं पसंत केलेल्या नंदीला मागची चाकं नव्हती. "अर्धा तास लागन ताई," सुतारदादा म्हणाले, "आस घालाची हाय." आणि नेमका तेव्हाच भिरभिरीवाला आला. धाकटीचा हात माझ्या हातातून सुटायला लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "येताना घेऊ." मी जीभ चावली.

मोठ्यानं तिला खांद्याला धरून वळवलं. "तिकडे पाहूच नको, मग नाही आठवत. इकडे पाय, दादा भोक कसं पाडते." दोघं उकिडवी बसली. गिरमिट फिरत होतं, भुसा धाकटीच्या सँडलवर पडत होता, आणि ती प्रत्येक वळसा मोजत होती. एकेचाळीसपर्यंत मी ऐकलं.

मानसशास्त्रातल्या एका गाजलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, स्टॅनफर्डच्या बालवाडीत, वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवला. आत्ता हवं तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी पोरं थांबली, त्यातली कितीतरी डोळे झाकून घेत, गाणी म्हणत, पाठ फिरवून बसत. थांबणं म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं नव्हे, नजर दुसरीकडे नेण्याची युक्ती. ती वयाबरोबर येते. कपाळामागचा मेंदूचा जो भाग स्वतःला आवरायला लागतो, तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. सहा वर्षांच्या पोराकडून मी काय मागत होते, ते आता कळतं.

पण मला जास्त लागला तो नंतरचा एक प्रयोग. २०१२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी मुलांना आधी चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो असं सांगितलं. काहींना ते खरंच दिलं. काहींकडे मोठी माणसं रिकाम्या हातानं परतली. मग तोच गोड खाऊ पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली ३ मिनिटं. मुलं २८च होती, नमुना लहान आहे. पण माझ्या वहीशी आकडा जुळला. जो बुडवतो त्याला दुसऱ्यांदा उधार कोण देईल? रोख घ्यायचं, लगेच घ्यायचं. माझ्या पोरानं बडकस चौकात तेच केलं होतं.

शिवाय धीर काही सगळीकडे सारखा नसतो. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात जपानी मुलं खाऊसाठी जास्त वेळ थांबली, तर अमेरिकन मुलं वेष्टणातल्या भेटवस्तूसाठी. ज्याची सवय, त्यासाठी धीर. हे वाचून मला आमच्या महालक्ष्म्या आठवल्या. पुरणाचा वास सकाळपासून घरभर, नैवेद्य दाखवून पानं वाढेस्तोवर दोन-तीन वाजतात, आणि हीच माझी पोरं कुरकुर न करता बसतात. तिथे 'नंतर' खरोखर येतं. दरवर्षी.

तीनशे सांगितलेला नंदी अडीचशेला मिळाला. रंग अजून चिकट होता म्हणून मोठ्यानं तो शिंगांना धरून उचलला. गर्दी टाळायला मी सवयीनं मागच्या गल्लीकडे वळले. धाकटी जागची हलली नाही.

"आई, आता येताना झालं का?"

झालं होतं. परत फिरलो. भिरभिरीवाला पुढच्या कोपऱ्यावर गेला होता. त्याच्याकडे चारच उरली होती. तिनं लाल घेतलं, फुंकून पाहिलं, परत ठेवलं. पिवळं घेतलं, त्याची काडी वाकडी निघाली. मग पुन्हा लाल. आभाळ भरून आलं होतं, दोन्ही पिशव्या बोटांत रुतत होत्या.

"चल ना गं लवकर," मी म्हटलं.

"थांब ना आई," मोठा म्हणाला, "पाहू दे तिला."