एक मल्टिटूल, एक चाकू : निवडीपूर्वी

- मल्टिटूल : मुख्य अवजार पक्कड. दांड्यांत पाते, स्क्रू ड्रायव्हर, कानस. अमेरिकेतील टिम लेदरमन यांचे पहिले मॉडेल १९८३ मध्ये बाजारात.
- स्विस आर्मी चाकू : मुख्य अवजार पाते, बहुतेक मॉडेलांत पक्कड नसते. कार्ल एल्सनर यांचा स्विस सैन्याला पुरवठा १८९१ पासून. ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी १८९७.
- घडीचा चाकू : एकच पाते, भरीव मूठ. फ्रान्सच्या ओपिनेलची सुरुवात १८९०. ८ नंबरचे पाते साधारण ८.५ सेंमी.
- लॉक : काम करताना पाते बोटांवर मिटू देत नाही. ओपिनेलचे फिरते कडे १९५५ पासून.
- पोलाद : कार्बन स्टीलला धार लवकर लागते, पण ते गंजते. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम, गंज उशिरा.
- विमानप्रवास : चाकू केबिनमध्ये सहसा नेता येत नाही, चेक-इन सामानात ठेवावा.