झाडाचं मूळगाव आणि झाडाचा दोष

मागच्या वेळी आपण 'आहे' आणि 'असावं' यांतल्या फरकाबद्दल बोललो. नुसत्या वस्तुस्थितीतून मूल्य काढता येत नाही, हा ह्यूमचा मुद्दा. आज तोच प्रश्न एका शास्त्रज्ञाच्या कामात कसा उभा राहिला, ते पाहू.

हे मार्क डेव्हिस. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात मॅकॅलेस्टर कॉलेज आहे, तिथे ते प्राध्यापक होते. विषय वनस्पतींचं परिसरशास्त्र, आणि त्यातही आक्रमक वनस्पती. म्हणजे बाहेरून आलेली एखादी वनस्पती नव्या जागी कशी रुजते, इतरांना मागे सारून कशी पसरते, याचा अभ्यास.

या विषयाचा पाया ज्या ग्रंथानं घातला, तो चार्ल्स एल्टन यांचा, १९५८ सालचा. त्याच्या नावातच 'आक्रमण' हा शब्द आहे. तेव्हापासून युद्धाची भाषा या शास्त्राला चिकटली ती चिकटलीच.

२००० साली डेव्हिस यांनी ग्राइम आणि थॉम्पसन या दोघांबरोबर एक उपपत्ती मांडली. एखाद्या जागी पाणी, प्रकाश, अन्नद्रव्यं वापराविना शिल्लक राहिली, की नव्या वनस्पतीला शिरकाव मिळतो. पाऊस जास्त झाला किंवा गुरांनी गवत खाऊन टाकलं, की अशी शिल्लक तयार होते. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. नांगरून मोकळं टाकलेलं रान तणानं भरतंच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या स्पष्टीकरणात वनस्पतीचं मूळगाव कुठेच येत नाही. शेजारच्या रानातलं बी असो की समुद्रापलीकडलं, नियम एकच.

तिथून पुढचा प्रश्न अटळ होता. मग आपण 'परकी' म्हणून तिला दोषी का धरतो? जून २०११ मध्ये डेव्हिस यांनी आणखी १८ शास्त्रज्ञांसह 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की प्रजातींचा न्याय त्यांच्या मूळ स्थानावरून करू नका, परिणामांवरून करा. उदाहरण बघा. उत्तर अमेरिकेत पाइनची झाडं मोठ्या प्रमाणावर मारणारा भुंगेरा तिथलाच, देशी आहे. उलट बाहेरून आणलेल्या टॅमरिस्क झुडपात एक दुर्मीळ होत चाललेला पक्षी घरटी करतो.

लगेच उत्तर आलं. डॅनियल सिम्बरलॉफ यांच्या पुढाकारानं १४१ शास्त्रज्ञांची हरकत छापून आली. त्यांचं म्हणणं, परकी म्हणून सरसकट विरोध आम्ही करतच नाही. शिवाय नुकसान कधीकधी कित्येक दशकांनी दिसतं. परिणाम दिसेपर्यंत थांबलात, तर हातात काही उरत नाही.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, साहजिकच डेव्हिसकडे झुकलो. आमच्या सोसायटीच्या बैठकीत 'गुलमोहर परदेशी, तोडून टाका' असा ठराव आला, तेव्हा मी विरोधात बोललो. गुलमोहर मादागास्करचा, हे खरं. पण त्यानं बिघडवलं काय, ते कुणी सांगेना. ठराव बारगळला आणि मी खुशीत घरी आलो.

मग गाजर गवत आठवलं. तेही परदेशी, अमेरिका खंडातलं. १९५५ मध्ये पुण्यात त्याची थोडी रोपं दिसल्याची नोंद आहे. त्या दिवशी 'परिणाम दाखवा' म्हटलं असतं, तर दाखवायला काय होतं? आज ते देशभर आहे. आमच्या बागेत काम करणाऱ्या मावशींच्या हातांना त्या गवतानं खाज सुटून कातडी सोलवटली होती. ते हात पाहिल्यावर माझा युक्तिवाद मलाच तोकडा वाटला.

तेव्हा मला सुचतं ते असं. मूळगाव हा पुरावा नव्हे, पण सूचना जरूर आहे. नव्या पाहुण्यावर लक्ष ठेवावं, त्याला शिक्षा मात्र त्याच्या करणीचीच व्हावी. डेव्हिस यांनी आपल्याच शास्त्राच्या शब्दांना प्रश्न विचारला, आणि १४१ जणांनी त्या प्रश्नाला धार दिली. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये, आणि कुदळ फेकूनही देऊ नये.

आज इथेच थांबू.