एका ओळीत बसवण्याआधी: इंग्रजी वाक्यातली समांतर रचना

आज आपण इंग्रजी वाक्याचा एक साधा नियम बघणार आहोत. पुस्तकात त्याला ‘पॅरलल स्ट्रक्चर’ म्हणतात. आपण समांतर रचना म्हणू. नियम एवढाच की, वाक्यात ज्या गोष्टी एका ओळीत मांडायच्या, त्यांचं व्याकरणातलं रूप एकच ठेवायचं. नामाशेजारी नाम, क्रियापदाशेजारी क्रियापद. वर्गात हा नियम नीटनेटकेपणा म्हणून शिकवला जातो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आम्हाला तो विचाराचा नियम वाटतो. दोन गोष्टींना एकच रूप देणं म्हणजे ‘या दोन्ही एका पातळीवरच्या आहेत’ असं सांगणंच झालं.

उदाहरण परळचंच घेऊ. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने बैठक झाली, आणि पुढे त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तिचं ब्रीद तीन इंग्रजी शब्दांचं: ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ’. तिन्ही क्रियापदं, तिन्ही आज्ञार्थी. आता हेच ‘एज्युकेशन, अ‍ॅजिटेट अँड टू ऑर्गनाइझ’ असं म्हणून बघा. शब्द तेच, पण जीव गेला. पहिला शब्द नुसतं नाव झाला, दुसरा आज्ञा राहिला, तिसरा अर्धवट हेतू. ऐकणाऱ्याने नेमकं करायचं काय? आपल्या तोंडी असलेल्या ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या घोषणेत क्रम बदलला आहे, पण तिन्ही आज्ञा आज्ञाच राहिल्या आहेत.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. लालबाग-परळची मुलं कधीकधी नोकरीचे अर्ज तपासायला आमच्याकडे आणतात. मुलगी हुशार, हाताला काम आहे, आणि वाक्य असं: ‘आय कॅन कीप अकाउंट्स, टायपिंग अँड टू हँडल कस्टमर्स’. वाचणाऱ्या साहेबाला तिची तीन कौशल्यं दिसत नाहीत, गोंधळ दिसतो. अर्ज बाजूला पडतो तो अशा ठिकाणी. यावर उपाय सोपा आहे. ‘आय कॅन’ या सुरुवातीपुढे प्रत्येक तुकडा सुटा लावून मोठ्याने वाचायचा. ‘आय कॅन टायपिंग’ म्हटलं की कानाला लगेच खुपतं. मग दुरुस्ती आपोआप सुचते: ‘आय कॅन कीप अकाउंट्स, टाइप लेटर्स अँड हँडल कस्टमर्स’.

दुसरी चूक जरा लपलेली असते. ‘शी नॉट ओन्ली टीचेस इन परळ बट ऑल्सो इन दादर’. इथे ‘नॉट ओन्ली’च्या पुढे क्रियापद आलं आणि ‘बट ऑल्सो’च्या पुढे ठिकाण. तराजूच्या एका पारड्यात शिकवणं, दुसऱ्यात दादर! ‘शी टीचेस नॉट ओन्ली इन परळ बट ऑल्सो इन दादर’ म्हटलं की काटा सरळ होतो. ही चूक आपल्याकडून का होते? मराठीत आपण म्हणतो, ‘ती परळलाच नव्हे, तर दादरलाही शिकवते’. ‘च’ आणि ‘ही’ ज्या शब्दावर जोर द्यायचा त्यालाच चिकटतात, म्हणून जागा चुकायची भीती कमी. इंग्रजीत असं चिकटणारं अक्षर नाही. तिथे हे काम शब्दाच्या जागेला करावं लागतं. मराठी कानाला याची सवय मुद्दाम लावावी लागते.

आता मुख्य मुद्दा. ज्या गोष्टी एका पातळीवरच्या नाहीतच, त्यांचं काय करायचं? संविधानाची इंग्रजी उद्देशिका काढून बघा. न्याय, स्वातंत्र्य आणि समानता ही तिन्ही ‘सिक्युअर’ या एका क्रियापदाखाली ओळीने उभी आहेत. बंधुता मात्र त्या ओळीत नाही. तिच्यासाठी ‘प्रमोट’ हे वेगळं क्रियापद आणलं आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता नव्हती. ती आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घातली. घालताना चौथा शब्द म्हणून ओळीच्या शेवटी जोडून दिली असती तरी व्याकरण बिघडलं नसतं. मग वेगळं क्रियापद कशाला?

आम्ही त्याचा अर्थ असा लावतो. न्याय, स्वातंत्र्य, समानता यांची हमी राज्य प्रत्येक नागरिकाला देऊ शकतं. ती मिळाली नाही तर कोर्टात जाता येतं. बंधुता कुणी कुणाला मिळवून देऊ शकत नाही. ती माणसामाणसांत वाढावी लागते, राज्याने फार तर तिला खतपाणी घालावं. मराठी उद्देशिकेतही हा भेद जपला आहे: तिघांसाठी ‘प्राप्त करून देणे’, बंधुतेसाठी ‘प्रवर्धित करणे’.

आणि इथे समांतर रचना मोडली का? नाही. ‘टू सिक्युअर’ आणि ‘टू प्रमोट’ ही दोन क्रियापदं एकमेकांशी समांतर आहेत. म्हणजे समानता एक पायरी वर नेली. शब्द एका ओळीत बसत नसतील, तर ओढूनताणून बसवू नका. एक पायरी वर जा आणि तिथे ते बरोबरीने उभे राहतात का, ते बघा. तिथेही बसत नसतील, तर दोन वाक्यं करा. पुष्कळदा तेव्हाच लक्षात येतं की वाक्य नव्हे, आपला विचारच अजून जुळलेला नव्हता.