नागपूर गाठण्याआधी

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी भंडाऱ्याला जवळचे नागपूरचे. भंडारा शहरापासून ते साठेक किलोमीटरवर. जिल्ह्यातल्याच लाखांदूर तालुक्यातील खेड्यातून निघालेल्यांचा मात्र मजुरीसह अख्खा दिवस जातो. मानसिक आजाराची औषधे अनेकदा महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि खरी गळती इथेच होते. म्हणून उपचार जिल्ह्यातच मिळावेत, यासाठी केंद्राने १९९६मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयात तपासणी, समुपदेशन आणि औषधे, हा त्याचा गाभा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइनही आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवायला हवा.