चुना, दात आणि लोणारचं पाणी

रूट कॅनालच्या दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत दातात नेमकं काय भरलेलं असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. नस काढली, नळी घासून-धुऊन कोरडी केली, की डॉक्टर बारीक सुई खोल नेतात आणि हळूहळू मागे घेत पांढरी पेस्ट सोडतात. वरून तात्पुरतं सिमेंट. ही पेस्ट म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला भिजवलेला चुना. तंबाखूत मळला की तोंडाचं अस्तर जाळणारा चुना इथे औषध होतो, कारण तो शुद्ध असतो आणि नळीच्या आतच राहतो. (डबीतला चुना दुखऱ्या दाताला कधीही लावू नका.)

1920 साली जर्मनीच्या बर्नहार्ड हेरमान यांनी हा औषधी चुना दंतवैद्यकात आणला. त्याचा सामू साडेबाराच्या घरात. एवढ्या अल्कतेत जंतूंच्या पेशीचं आवरण आणि प्रथिनं टिकत नाहीत. तरी एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाचा चिवट जंतू पुष्कळदा वाचतो. फसलेल्या रूट कॅनालमध्ये तो वारंवार सापडतो. 2002 मधल्या एका संशोधनात त्याची युक्ती उघड झाली. पेशीच्या आवरणातल्या पंपाने तो प्रोटॉन आत ओढतो आणि आतली अल्कता आटोक्यात ठेवतो. सामू 11.1 असेपर्यंत हे जमतं, 11.5 ला बहुतेक जंतू मरतात. पण दाताचं डेंटिन स्वतःच अल्कता शोषतं, त्यामुळे त्याच्या सूक्ष्म नलिकांत चुन्याचा पूर्ण जोर पोचतच नाही.

अल्कतेत जगणं ही किती जुनी कला आहे, ते बुलढाणा जिल्ह्यात लोणारला दिसतं. उल्का आदळून बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून सोडा साचत गेला. सामू साधारण 10. या क्षारावर काच आणि साबणाचे धंदे चालत. अशा पाण्यातही सूक्ष्मजीव मुबलक आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या एका जिवाणूचं नाव 2012 मध्ये सेसेम्बिया लोणारेन्सिस ठेवलं. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचं कारण क्षारप्रिय हॅलोआर्किया असल्याचं सांगितलं.

म्हणून मला वाटतं, जंतूला नुसतं भाजून काढण्यावर भिस्त ठेवणारं दंतद्रव्य अपुरंच पडणार. त्याची वाटही बुजवली पाहिजे. 1990च्या दशकात अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलेलं एमटीए सिमेंट दोन्ही करतं: ओल मिळताच त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं आणि सिमेंट घट्ट होऊन जंतूची वाट बंद करतं.

लोणारच्या जिवाणूंतून जंतुनाशक द्रव्यं शोधण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मारणं सोपं. तोंडात लाळ असते, चावण्याचा दाब असतो आणि जिवंत पेशींना धक्का लागता कामा नये. ही मजल लांबची आहे, आणि तिला कच्चा माल, म्हणजे हे जिवाणू, हवेत. नोव्हेंबर 2020 मध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तरी गावाचं सांडपाणी सरोवरात उतरल्याच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. गोडं, घाण पाणी मिसळत राहिलं तर सामू उतरतो, आणि त्या सामूवरच जगणारे जिवाणू आपण ओळखण्याआधीच नाहीसे होतात. ते सांडपाणी आधी थांबायला हवं.