रात्रपाळीला शिक्षक हवा

१९७० साली ब्रूस जॅनियाक नावाचा तरुण डॉक्टर अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात इमर्जन्सी मेडिसिनचा निवासी म्हणून रुजू झाला. या विषयाचं निवासी प्रशिक्षण घेणारा तो त्या देशातला पहिला. त्याला शिकवायला मात्र या विषयात तयार झालेला एकही तज्ज्ञ नव्हता. छातीत दुखणाऱ्या रुग्णाबद्दल मेडिसिनवाल्यांना विचारायचं, मोडलेल्या हाडाबद्दल ऑर्थोवाल्यांना, अशी विद्या गोळा करत त्याने दोन वर्षांत अभ्यासक्रम पुरा केला.

त्याआधी तिथल्या बहुतेक इमर्जन्सी रूम्स इंटर्नच्या किंवा आळीपाळीने बोलावलेल्या डॉक्टरांच्या भरवशावर चालत. समोर येणारा झटक्याचा रुग्ण त्या रात्री कोणाच्या हाती पडेल, हा नशिबाचा भाग होता. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात जेम्स मिल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपापली प्रॅक्टिस सोडून चोवीस तास इमर्जन्सी विभागच सांभाळायचं ठरवलं. पुढे १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला या विषयाचा पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग निघाला. त्याचे प्रमुख गेल अँडरसन हे स्त्रीरोगतज्ज्ञ. फिलाडेल्फियात प्रशिक्षण उभारणारे डेव्हिड वॅग्नर मुलांचे सर्जन. आपल्या शाखेतली स्थिरस्थावर जागा सोडून ही माणसं ज्याला अजून नावलौकिक नव्हता अशा कामात उतरली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९७९ मध्ये, पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली १९८० मध्ये. सुरुवातीला केवळ अनुभवाच्या जोरावरही परीक्षेला बसता येई. १९८८ मध्ये तो दरवाजा बंद झाला आणि निवासी प्रशिक्षणाशिवाय प्रमाणपत्र नाही, असं ठरलं. वर्षानुवर्षं याच विभागात घाम गाळलेले डॉक्टर दुखावले, प्रकरण कोर्टात गेलं. त्यांचं दुःख खरं होतं, तरीही तो निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. तो झाला नसता तर प्रशिक्षण कायम ऐच्छिक राहिलं असतं.

या प्रशिक्षणाचा आराखडा गेल्या काही दशकांत बराच पक्का झाला. काही ठिकाणी तीन वर्षं, काही ठिकाणी चार. बराचसा काळ स्वतःच्या विभागात, उरलेला आयसीयू, भूलशास्त्र, बालरोग, प्रसूती अशा पोस्टिंगमध्ये. आठवड्याला सरासरी पाच तास वर्ग. श्वासनलिकेत नळी घालण्याची किमान ३५ वेळा नोंद हवी, छातीत नळी टाकण्याची १०, प्रसूती १०. मात्र या आराखड्याचा कणा मला या आकड्यांत दिसत नाही. निवासी डॉक्टर रुग्ण पाहत असताना या विषयाचा पात्र वरिष्ठ चोवीस तास विभागात हजर हवा, असा नियम आहे. फोनवर नव्हे, प्रत्यक्ष. पहाटे तीनला रक्तदाब कोसळलेला रुग्ण येतो तेव्हा शेजारी उभं राहून ‘थांब, आधी हे बघ’ म्हणणारा माणूस असणं, हेच खरं शिक्षण.

कामाच्या तासांचा हिशेबही उशिराच आला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला. निवासी डॉक्टरांचा थकवा आणि त्यांच्यावर नसलेली देखरेख हे दोन्ही प्रश्न त्यातून ऐरणीवर आले. देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा येण्यासाठी मात्र २००३ उजाडलं. इमर्जन्सी विभागात ती आणखी कडक आहे: रुग्णसेवेचे सरासरी ६० तास आणि सलग पाळी १२ तासांची. २०२५ मध्ये सगळ्यांसाठीच चार वर्षं करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कर्जाखाली दबलेल्या तरुण डॉक्टरांमध्ये साहजिकच अस्वस्थता पसरली.

भारतात या विषयाला मान्यता मिळाली २००९ मध्ये, म्हणजे सिनसिनाटीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. तोवर आपल्याकडे होती ती कॅज्युअल्टी: एक सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर), काही इंटर्न, आणि ‘वरच्या वॉर्डात पाठवा’ हा आदेश. तीन वर्षांचं एमडी सुरू झालं तेव्हा अध्यापक आणायचे ते मेडिसिन, सर्जरी, भूल या विभागांतूनच. जॅनियाकच्या वाट्याला आलेली उसनवारी आपल्याही पहिल्या तुकड्यांच्या वाट्याला आली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका डॉक्टरसह धावू लागल्या. रुग्ण दारात लवकर पोहोचू लागला. दारात त्याला घेणारा प्रशिक्षित माणूस हवा, ही गरज त्यामुळे आणखी ठळक झाली.

निवासी डॉक्टरांना सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम साधारणतः देऊ नये, असा केंद्र सरकारचा आदेश १९९२ पासून कागदावर आहे. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेतल्या मुलांना विचारा, ते हसतील. तासांच्या नियमाचं झालं ते देखरेखीचं होऊ नये. पहिल्या तुकड्यांतले एमडी आता स्वतः अध्यापक झाले आहेत. महाविद्यालयाची तपासणी करताना खाटा आणि जागा मोजल्या जातात, तशी अध्यापकांच्या रात्रपाळीची वहीही उघडून पाहावी. आपल्यापाशी आता शिकवणारी माणसं आहेत. त्यांना रात्री विभागात आणून उभं करायचं काम बाकी आहे.