दोन गुणांचे अंतर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडी शहराच्या ईशान्येस, आर्ब्रोथ नावाचे एक लहानसे बंदर आहे. ज्या मठातून १३२० साली स्कॉटिश सरदारांचे स्वातंत्र्याचे निवेदन पोपकडे धाडले गेले त्या मठाचे भग्नावशेष, धुरी दिलेला हॅडॉक मासा आणि एक फुटबॉल संघ, एवढ्या तीन गोष्टींवर या गावाची कीर्ती आजवर उभी आहे. माशांची रीत अशी की, मिठात मुरवलेले दोन दोन मासे शेपट्यांशी बांधून काठीवर टांगायचे, खाली कठीण लाकडाचा विस्तव ठेवायचा आणि वरून ओले गोणपाट झाकून आतला धूर आतच कोंडायचा. तासाभरात मासा तांबूस सोनेरी होऊन निघतो. या माशाच्या नावाला २००४ साली युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळाले. फुटबॉल संघाला असे संरक्षण कोणत्याही कायद्याने दिलेले नाही. त्याला दर हंगामाला आपले स्थान नव्याने कमवावे लागते, आणि २०२१-२२ च्या हंगामात ते त्याने ज्या रीतीने कमावले तिची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

संघाची स्थापना १८७८ ची. बंदराच्या मुखाशी मच्छिमार नौकांना वाट दाखविणाऱ्या लाल दिव्यावरून त्याच्या खेळाडूंना ‘रेड लिक्टीज’ म्हणतात. १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकाच्या सामन्यात या संघाने ॲबर्डीनच्या बॉन ॲकॉर्ड संघावर ३६ विरुद्ध शून्य असा विजय मिळविला आणि जॉन पेट्री या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांपैकी तेरा गोल एकट्याने केले. आर्ब्रोथच्या गोलरक्षकाकडे त्या दिवशी चेंडू फिरकलाच नाही, म्हणून तो पावसात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा राहिला, अशीही कथा आहे. संघाचे गेफिल्ड हे मैदान समुद्राला इतके लगटून आहे की भरतीच्या वेळी लाटा कुंपणाच्या भिंतीवर आपटतात आणि वादळी दिवशी तुषार थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतात. वाऱ्याच्या दिशेने मारलेला चेंडू सीमेपार जातो, वाऱ्याविरुद्ध उंच मारलेला माघारी येतो. यास्तव पाहुण्या संघाला येथे प्रतिपक्षाआधी हवेशी मसलत करावी लागते.

स्कॉटिश लीग १८९० साली स्थापन झाली आणि १८९३ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. १९७५ च्या पुनर्रचनेत वरच्या श्रेणीचे संघ दहावर आणले गेले, आणि २०१३ साली दोन लीग संस्थांचे एकीकरण झाल्यावर दुसऱ्या श्रेणीला ‘चॅम्पियनशिप’ हे आजचे नाव मिळाले. तिच्यात दहा संघ. प्रत्येकाने इतर नऊ संघांशी चार चार वेळा खेळायचे, म्हणजे एकूण छत्तीस सामने. प्रथम येणाऱ्यास थेट बढती. दुसरा, तिसरा आणि चौथा यांना आपसांतील लढतींतून एक वाचवून त्याची गाठ वरच्या श्रेणीतल्या शेवटून दुसऱ्या संघाशी घालायची, असा शिरस्ता आहे. वाड्याच्या देवडीवर जसे आत निघालेले आणि बाहेर काढलेले एकाच बाकावर बसतात, तसे या श्रेणीत वैभवातून उतरलेले जुने संघ आणि खालून चढत आलेले लहान संघ शेजारी शेजारी नांदतात. मात्र पहिल्यांकडे बहुधा पूर्णवेळ पगारी खेळाडू असतात आणि दुसऱ्यांकडे क्वचितच.

२०२१-२२ मध्ये या दहा संघांत पूर्णपणे अर्धवेळ असा एकच संघ होता, आणि तो आर्ब्रोथ. त्याचे खेळाडू दिवसा आपापल्या नोकरीधंद्यात असत, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सरावाला जमत आणि शनिवारी सामना खेळत. बॉबी लिन हा त्यांचा लाडका जुना खेळाडू डंडी शहरात कचरा उचलण्याच्या गाडीवर काम करी. डोक्यावर चपटी टोपी आणि तोंडात फटकळ बोलणे असलेले डिक कॅम्पबेल हे व्यवस्थापक आणि त्यांचे जुळे बंधू इयन हे त्यांचे साहाय्यक. हे दोघे २०१६ साली आले तेव्हा संघ चौथ्या श्रेणीत होता. पुढच्याच वर्षी तो तिसरीत आणि २०१९ साली दुसरीत चढला. ज्यांना मोठ्या संघांनी नापसंत केले अशा अनुभवी खेळाडूंना पदरी ठेवायचे, काही तरुण उसनवारीने आणायचे, आणि बचावफळी शक्यतो वर्षानुवर्षे तीच राखायची, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते.

त्या हंगामात त्यांच्यासमोर किल्मार्नॉक होता. १८६९ साली स्थापन झालेला आणि १९६५ साली स्कॉटलंडचे विजेतेपद मिळविलेला हा संघ १९९३ पासून वरच्या श्रेणीत अखंड वास करून नुकताच खाली उतरला होता; त्याचा खर्च आणि त्याची प्रेक्षकसंख्या आर्ब्रोथच्या कित्येक पटींनी मोठी. असे असूनही हिवाळ्यात गुणतक्त्याच्या शिरोभागी आर्ब्रोथचे नाव झळकले. मध्यफळीतील मायकेल मॅकेना मागून धावत येऊन असे गोल करू लागला की श्रेणीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्यालाच दिला. इकडे किल्मार्नॉकने जानेवारीत व्यवस्थापक बदलला, डेरेक मॅकिनेस यांच्याकडे सूत्रे दिली आणि पाठलाग आरंभिला.

निकाल लागला तो २२ एप्रिल २०२२ च्या शुक्रवारी रात्री, किल्मार्नॉकच्याच मैदानावर, हंगामातल्या शेवटून दुसऱ्या साखळी सामन्यात. पाहुण्यांनी आघाडी घेतली आणि ती बराच काळ टिकविली. परंतु सामना उतरणीला लागल्यावर यजमानांनी बरोबरी साधली, अगदी अखेरीस ब्लेअर अल्स्टनने विजयी गोल केला, आणि विजेतेपद तेथेच ठरून गेले. हंगामाअखेर किल्मार्नॉकचे ६७ गुण झाले, आर्ब्रोथचे ६५.

आता या दोन आकड्यांच्या पोटात शिरून पाहावे. किल्मार्नॉकने वीस सामने जिंकले, सात बरोबरीत सोडविले आणि नऊ गमावले. आर्ब्रोथने सतरा जिंकले, चौदा बरोबरीत सोडविले आणि अवघे पाच गमावले. गोलही आर्ब्रोथचेच अधिक, ५४ विरुद्ध ५०. विजयास तीन गुण देण्याची वहिवाट स्कॉटलंडमध्ये १९९४ च्या हंगामापासून सुरू झाली. तत्पूर्वी विजयास दोन आणि बरोबरीस एक असा दर होता. त्या जुन्या दराने मांडणी केली तर किल्मार्नॉकचे ४७ गुण होतात आणि आर्ब्रोथचे ४८. संघांनी बरोबरीवर समाधान मानू नये, आक्रमण करावे, गोल करावेत, या हेतूने केलेल्या नियमाने ज्याने गोल कमी केले आणि सामने अधिक गमावले त्याच्या गळ्यात माळ घातली, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. अर्थात नियम आधीपासून सर्वांस ठाऊक होता आणि जुना दर असता तर दोन्ही संघ निराळे खेळले असते, तेव्हा कोणाचे काही हिरावले गेले असे म्हणता येणार नाही. पण अर्धवेळ संघाचा स्वभाव मात्र या हिशेबात उघडा पडतो. आठवड्यात दोनच संध्याकाळ एकत्र येणाऱ्या माणसांना पराभव टाळण्याची शिस्त अंगी बाणविता येते. बरोबरीचे विजयात रूपांतर करणारी अखेरच्या दहा मिनिटांचा दम आणि बदली खेळाडूंचा साठा या गोष्टी बहुधा पगारी फुरसतीतून निर्माण होतात.

उपविजेत्यांना मिळालेली दुसरी संधीही याच रीतीने गेली. बढतीच्या उपांत्य लढतीत इन्व्हर्नेस कॅलेडोनियन थिसलशी पहिला सामना गोलशून्य राहिला. गेफिल्डवरच्या दुसऱ्या सामन्यात प्रतिपक्षाचे दोन खेळाडू मैदानाबाहेर काढले जाऊन नऊच उरले असताही, जादा वेळ धरून, आर्ब्रोथला गोल करता आला नाही, आणि पेनल्टींवर तो ५-३ असा हरला. न हरण्याचे कौशल्य येथे परिसीमेला पोहोचले होते. जिंकण्याचे एक पाऊल तेवढे उरले.

पुढचा इतिहास सरळ आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल यांनी निरोप घेतला, २०२४ साली संघ तळाशी जाऊन तिसऱ्या श्रेणीत उतरला, आणि २०२५ साली ती श्रेणी जिंकून परत वर आला. एवढ्या चढउतारात एखादा श्रीमंत संघ कर्जात बुडतो, मालक बदलतो, क्वचित दफ्तरही गुंडाळतो. आर्ब्रोथच्या खेळाडूंचा चरितार्थ मैदानाबाहेर चालत असल्यामुळे पदावनतीने त्यांच्या चुली विझत नाहीत. ज्या अर्धवेळपणाने त्यांना ते दोन गुण मिळू दिले नाहीत त्यानेच त्यांचा संघ टिकविला आहे, आणि हा सौदा आर्ब्रोथकरांनी डोळसपणे पत्करलेला आहे.